शब्द गेले, चाल राहिली

माय, काल दुपारी दवाखान्यात तुझी लई आठवण झाली. लकव्यानं वाचा गेलेल्या माणसांना मी बीडमध्ये पुन्हा बोलायला शिकवते. तुझ्या माघारी हेच काम धरलं.

आबांना लकवा झाला तेव्हा मी दहावीत होते. पालीच्या शाळेत दिवसभर शिकवणारा माणूस. उजवी बाजू लुळी पडली आणि तोंडातून फक्त "तेच, तेच" एवढंच. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. जयंतीच्या कार्यक्रमांत गायला गावोगावहून तुला बोलावणी यायची. त्या वर्षी तू सगळ्यांना नाही म्हणालीस, आणि आबांना त्रास नको म्हणून घरातलं गाणंही बंद केलंस.

मग एका सकाळी भाकरी थापता थापता तू नकळत एक जुनी ओळ गुणगुणलीस. बाहेरच्या खोलीतून आबांच्या आवाजात पुढची ओळ आली. अख्खी, शब्दांसकट. तू पिठाच्या हातानं धावत गेलीस. बोला म्हटलं तर पुन्हा "तेच, तेच". तू त्यांचा डावा हात धरलास, तळव्यावर ठेका दिलास आणि त्यांनी म्हणायचं ते त्याच चालीत गाऊन दाखवलंस, "पाणी दे मला." मग हे रोजचंच झालं. नवरा अंथरुणात आणि ही गाते, असं भावकी म्हणायला लागली. तू एकदाच उत्तर दिलंस: "बोलायची वाट बंद झालीय त्यांची. गाण्याची चालू हाय. मी तिकडून आणते."

उन्हाळ्यात आबा अर्धवट गात म्हणाले, "चहा लई गोड केलास." तू कप घेऊन आत गेलीस ती बराच वेळ बाहेर आली नाहीस.

पुढे कॉलेजात सरांनी शिकवलं: बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्याला उजवीही लागते, म्हणून शब्द चालीवर बसवून परत आणता येतात. मी लिहून घेत होते आणि मला तुझी पिठाची बोटं दिसत होती. तुला मेंदूतलं काही ठाऊक नव्हतं. गाणं माणसात किती खोल जाऊन बसतं, ते मात्र गाऊन गाऊन कळलं होतं.

काल युसूफ वडगावचे एक आजोबा आले होते, भजनात पेटी वाजवणारे. आजारपणापासून एक शब्द नाही. मी तुझी चाल धरली, त्यांच्या तळव्यावर ठेका देत "घरी जायचं" गाऊन दाखवलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, माझा हात थांबवला आणि स्वच्छ सुरात म्हणाले, "घरी जायचं." मग माझ्याकडे पाहून, "असं."

हे तुला पोचणार नाही, माहीत आहे. तरी सांगते. तू गेल्यापासून सूर चुकला म्हणून मला कुणी अडवलं नव्हतं. मला ते फार आवडलं.