कात्रीने कापलेला शब्द

१२ नोव्हेंबर

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तू हॉस्पिटलच्या व्यापात असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी तुझा अभ्यास घ्यायचे, आठवतं? अवघड इंग्रजी शब्द कागदाच्या पट्टीवर लिहायचा, कात्रीने त्याचे तुकडे करायचे, एकेक पाठ झाला की पुन्हा जोडायचे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची रीत. 'कार्डिओपल्मनरी' तुला आठवडाभर येईना. रडलास. मग मी पहिला तुकडा तुझ्या छातीवर ठेवला, "हे काळीज." दुसरा फुंकून उडवला, "ही फुप्फुसं." हसलास, आणि आला.

"घरात एक डॉक्टर पुरे," बाबा म्हणाले. तो तू झालास.

परवा मला तपासलंस. "काही नाही गं ताई, ॲसिडिटी. तिखट कमी खा." आणि बाहेर जाऊन माझ्या मुलाला खरं सांगितलंस, तोच आपला शब्द, 'कार्डिओपल्मनरी'. "आईला सांगायचं?" त्याने विचारलं. "तिला काय कळणार त्यातलं? फार तर वर्षभर काढेल."

वा, डॉक्टरसाहेब! दारावर हातभर पदव्यांची पाटी, आणि ते दार नीट लावायची अक्कल नाही. जगात हा शब्द लपवायला तुला मीच सापडले? त्याला घाबरणारा तेव्हाही तूच होतास.

मुलाला काही बोलू नकोस. तोही ॲसिडिटीचं नाटक करतो, तुझ्यापेक्षा बरं करतो. मीही करते. जिन्याच्या मधल्या पायरीवर चपलेचा अंगठा सारखा करायला थांबते. चप्पल नवी आहे.

आता नीट वाच. शिलाई मशीन सुनेला. पुस्तकं सगळी शेजारच्या नर्सिंगवाल्या मुलीला. हल्ली उंबऱ्यावर तीच बसते, आणि तुझ्यासारखी रडत नाही. आईच्या बांगड्या तुझ्या बायकोला, तुला इतकी वर्षं सोसलं म्हणून.

कात्री तुला. ड्रायव्हरला पाठवलंस तर रिकाम्या हाताने परत धाडीन. स्वतः ये, उंबऱ्यावर बस, आणि तो शब्द माझ्याकडे बघून म्हणून दाखव. अडलास तर मी आहे.

अजून आहे तोवर,
तुझी ताई