आठ दिवस, फार तर दहा

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि गच्चीवरच्या कुंड्या ठीक आहेत असं धरून चालतो. आम्ही इकडे बरे आहोत. हिचा चष्मा सापडला (फ्रिजमध्ये होता, कोणी ठेवला यावर अजून बोलणी चालू आहेत).

टिकलीला माझ्याकडे धाडताना तू बजावलं होतंस, की पोरगी इंजिनिअर झाली आहे, तिला नोकरी शोधू दे, तुझ्या मोटार-पंपाच्या दुकानात हात काळे करायला लावू नकोस. मी काहीही करायला लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही तो स्क्रू-ड्रायव्हर कानाला का लावता?" चाळीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, गिऱ्हाइकांना वाटतं, कान खाजवतोय. मग सांगावंच लागलं, की टोक चालत्या मोटारीवर टेकवायचं, मूठ कानापाशी दाबून धरायची, म्हणजे आतलं बेअरिंग बोलायला लागतं. धडधाकट असेल तर मांजरासारखं घुरघुरतं, बिघडलं असेल तर दाजींसारखं घोरतं (हे त्यांना वाचून दाखवू नकोस). झालं. त्या दिवसापासून दुकानातले पंप, घरातला मिक्सर, समोरच्या शिंप्याचं मशीन, काही म्हणजे काही तिच्या कानातून सुटलं नाही. एकदा माझ्या छातीलाही लावून पाहिलं आणि म्हणाली, "आवाज जुना आहे, पण लयीत आहे." (पुस्तक न उघडता मी चाळीस वर्षं धंदा केला, हे तेवढ्यात मी तिला दोनदा ऐकवून घेतलं.)

नोकरीचं म्हणशील, तर अर्ज रोज जात होते आणि उत्तर एकच येत होतं : अनुभव हवा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ही जोडणी मी सुलटी-उलटी करून पाहिली, करंट कुठूनच जात नाही. शेवटी एका पंपांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. तेवढं एकच. ते हुकलं तर एक तारखेपासून दाजींनी ठरवलेल्या विम्याच्या कचेरीत बसायचं, हे तुम्हा मायलेकींचं ठरलेलं मला ठाऊक होतं. त्यामुळे तिच्याइतकीच माझीही झोप उडालेली.

तर मुलाखतीच्या खोलीत टेबलामागे तीन साहेब आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीत, हवा बाहेर फेकणारे दोन ब्लोअर. त्यातल्या डावीकडच्याचा सूर बिघडलेला. टिकलीचे डोळे साहेबांकडे आणि कान भिंतीकडे. मधल्या साहेबांनी विचारलं, "अनुभव किती?" आणि ही ब्लोअरकडे बघत म्हणाली, "आठ दिवस. फार तर दहा."

साहेबांनी ते लिहून घेतलं, आभार मानले आणि दार दाखवलं. आपण काय बोललो हे हिला फाटकापाशी उमगलं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. "मामा, माझं चुकलं," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "पण तो ब्लोअर खरंच जाणार आहे." ताई, दोष माझाच. मी हात काळे होऊ दिले नव्हते, पण कान बिघडवले होते. तुला दोनदा पत्र लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा नमस्कारावरच थांबलो.

नवव्या दिवशी कारखान्यातून फोन. डावा ब्लोअर धूर सोडून बसला होता, आणि मधल्या साहेबांनी आपला कागद काढून पुन्हा वाचला होता. आम्ही गेलो. ही शिडीवर, मी खाली बॅटरी धरून (इतका मोठा हुद्दा मला आजवर मिळाला नव्हता). उजवा ब्लोअर अजून चालू होता. हिने त्यावर फोन टेकवून आवाज टिपला आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून हिशेब मांडला : बेअरिंगमध्ये गोळ्या किती, मिनिटाला फेरे किती, सेकंदाला ठोके किती. मग म्हणाली, "हाही जाणार. बाहेरच्या कड्याला, आतल्या अंगाने, एकच खड्डा आहे. बाकी सगळं ठणठणीत."

मी हसलो. मग मीच ते बेअरिंग उघडलं. बाहेरचं कडं, आतलं अंग, मोहरीएवढा एकच खड्डा.

ताई, मी ते कडं उजेडात धरून दोनदा पाहिलं. बेअरिंग बोलतं हे मला माहीत होतं. ते पत्ताही सांगतं, हे माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ते माझ्या कानात सांगत असणार, आणि मी आपला "बिघडलंय, बदला" म्हणून मोकळा.

मधल्या साहेबांनी "अनुभव : आठ दिवस" च्या पुढे स्वतःच्या पेनाने "बरोबर" असं लिहिलं आणि नेमणुकीचं पत्र तिथेच दिलं. एक तारखेपासून ती तिथे. हात काळे होतील. आता तू आणि तिचे साहेब बघून घ्या.

तुझा धाकटा

ता. क. दाजींनी विम्याच्या कचेरीत शब्द टाकला होता, तो उचलून घ्यावा.

ता. क. दुसरा : माझा स्क्रू-ड्रायव्हर तिला दिला. नवा आणलाय, पण तो अजून माझ्याशी बोलत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच : तिची कॉलेजची पुस्तकं रद्दीत देणार म्हणाली होतीस, ती देऊ नकोस. इकडे पाठव. कोणी विचारलं तर सांग, दुकानातल्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे. आणि पहिल्या वर्षाचं गणित सगळ्यात वर ठेव. टिकली दर रविवारी येऊन माझी शिकवणी घेणार आहे, आणि अनुभव किती म्हणून तिने विचारलं तर मला निदान आठ दिवस तरी म्हणता यायला हवेत.