काक्षी मंदावला आणि माझी रजा अडकली

प्रिय यासना,

मी सुखरूप आहे, इकडची काळजी करू नकोस. जेवण वेळेवर मिळतं, तुझ्या हातच्या एम्पानाडांची चव नसली तरी. तुझ्या पायांची सूज उतरली का? खरं काय ते लिही.

रजा पुन्हा रद्द झाली. कारण तोच, तीन मारियांच्या, म्हणजे मृग नक्षत्रातल्या त्या ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या, खालचा तांबडा तारा, काक्षी! एवढा अजस्र, की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी गिळून टाकेल. पण वागणं हट्टी म्हाताऱ्याचं. फुगतो, आकसतो, उजळतो, मंदावतो, आणि वेळापत्रक म्हणून धड पाळत नाही. यंदा तर फारच मंदावलाय. कुणी म्हणतं थंड पडला, कुणी म्हणतं स्वतःच ओकलेल्या धुळीआड लपला. साऱ्या जगाला त्याचे फोटो हवेत आणि दुर्बीण चालवायला मी एकटा!

काल वैतागून आमच्या प्रमुखांना, एलियानाबाईंना, विचारलं, "हा फुटणार तरी कधी?"

"उद्या फुटेल, नाहीतर लाख वर्षांनी."

"मग मला सोडा. लाख वर्षांच्या आत नक्की परत येतो!"

"एवढी कसली घाई?"

"बायकोचे दिवस भरलेत, बाई."

"मग हे आधी नाही का सांगायचं, गाढवा? नीघ! दुर्बीण मी बघते."

तीनदा सांगितलं होतं गं! पण मी थेट पिशवी भरायला पळालो.

शुक्रवारच्या बसने येतोय. बाळाला म्हणावं, तेवढी कळ काढ.

वाटेकडे डोळे लावलेला तुझाच,
निवाल्दो