गळतीचा रकाना

बिश्केक, १४ ऑक्टोबर

आयुष्मान सागिन यास,

थोरल्याचे आशीर्वाद. हे पत्र फोडले असलेस तर उपकार. माझा फोन तू दोन वर्षे कापतो आहेस. शल्यवैद्याचा हात, तक्रार कुणाकडे करावी?

घरी क्षेम. तुझ्या वहिनीने, झूराने, सफरचंदांचा मुरंबा घातला. तुझी बरणी वेगळी ठेवली आहे. मी हल्ली बसथांब्यापासून प्रयोगशाळेपर्यंत तीनदा थांबतो. लोकांना वाटते, पॉपलरची पाने बघतो.

आमचे काम तेच. खाटकाकडून मेंढीच्या धमन्या आणायच्या, कापून जोडायच्या, पंपाने ठोक्यागणिक पाणी सोडून फुगवटा मोजायचा. तुझा सलग टाक्याचा सांधा फुगत नाही, शेजारची मऊ भिंत ताण सोसते; सुट्या टाक्यांचा सांधा धमनीबरोबर फुगतो. दोन वर्षांपूर्वी इथल्या सभागृहात हे मी तुझ्या विद्यार्थ्यांसमोर वाचले. वर म्हणालो, “हा सांधा नव्हे, कमरपट्टा.” पोरे हसली. तू टोपी उचलून निघून गेलास.

विनोद बरा होता. पण त्या तक्त्यात आणखी एक रकाना होता, गळतीचा. सुटे टाके चौदांपैकी पाच वेळा पाझरले. तुझ्या सांध्यांतून एक थेंब आला नाही. तो रकाना मी वाचला नाही. सगळे तुलाच डोक्यावर घेत होते, आणि मला एकदा तरी... असो. वाक्य पुरे केले तर आणखी वाईट दिसेल.

काल त्याच सभागृहात तो रकाना मोठ्याने वाचला. प्रत सोबत आहे.

आज चहा ओतता ओतता झूरा म्हणाली, “मेल्या मेंढीच्या नळ्या बऱ्या जोडता येतात तुम्हाला. पाय काळा पडल्यावर कळवणार का भावाला?”

तर कळवतो. माझ्या डाव्या मांडीची धमनी बंद होत आली आहे. महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली नाही, तर पाय जाईल. इथले डॉक्टर करायला तयार आहेत. मी त्यांना सांगितले, ओश शहरात माझा भाऊ आहे, तो करील.

टाका सलग की सुटा, ते तूच ठरव. भूल दिलेल्या माणसाला मोजमाप घेता येत नाही, हे तुझे भाग्य.

रविवारच्या विमानाने येतो. नको असेन, तर झूराला फोन कर. तिचा तू कापत नाहीस. बरणी उजव्या मांडीवर धरून आणीन. सध्या तेवढीच भरवशाची आहे.

तुझ्या हातावर विश्वास असूनही तो वेळेवर बोलून न दाखवलेला,
तुझा थोरला
टोक्तोसून