गाढवांचं पाणी

कारंजा, वैशाख, १९३४. मंगळवार, संध्याकाळ.

तलावावर जनावरं पाजू नयेत, हा म्युनिसिपालिटीचा नियम मीच लिहिला. पटकीची भीती, दुसरं काय. आज सगुणा कुंभारीण कचेरीत आली. शिपायानं तिची गाढवं कोंडवाड्यात घातलेली. म्हणाली, "बापूसाहेब, नियम बराबर हाय. पन गाढवाईनं पानी कोठी प्यावं, थे काहून नाई लिवलं?"

कोठी प्यावं? आम्हा सभासदांत गाढवं पाळतो कोण?

दुपारच्या सभेत म्हटलं, जनावरांसाठी हौद बांधेपर्यंत नियम थांबवा. अध्यक्ष म्हणाले, "लोक हसतील." हसू देत. एका मताच्या फरकानं ठराव झाला, गाढवं सुटली.

सांगायला स्वतःच कुंभारवाड्यात गेलो. सगुणा म्हणाली, "हौद वस्तीजवळ बांधजा. मायं म्हातारं गाढव लंगडते."

तिथंच हौदाच्या मसुद्यात तेवढं वाढवलं आणि तिला वाचून दाखवलं.