फाटकावरचे फ्यूज

३ जानेवारी
आलो एकदाचा! सोफियातल्या त्या खुराड्यातून सुटका झाली. घर गावाच्या अगदी टोकाला आहे, वर पाइनचं रान आणि मागे ट्रान्सफॉर्मरचा खांब. जनरेटर उतरवताना अर्धं गाव तोंड उघडं टाकून बघत होतं. शेजारच्या वेलिच्का आजींनी चीज भरलेली गरम बनित्सा आणली आणि त्यातली निम्मी बसल्या बसल्या स्वतःच संपवली. तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं म्हटल्यावर सगळ्यांनी मला लगेच मास्तर करून टाकलं.

५ जानेवारी
इथली अडाणी रीत ऐका. वीज गेली की प्रत्येक घर मेन बोर्डातले चिनी मातीचे फ्यूज उपटून तांबड्या दोऱ्याने फाटकाला टांगतं आणि मगच जनरेटर सुरू करतं. वायरमन राद्को एकेक फाटक बघत वर येतो, मग खांबावर चढतो. मी आजींना विचारलं, हा काय दृष्ट काढायचा प्रकार आहे? त्यांनी मलाच झापलं. म्हणाल्या, मास्तर, शहाणपणा शाळेत ठेवून या. तुमच्या यंत्राची वीज तारेत उलटी चढते आणि वर असतो आमचा राद्को, त्याची बायको पोटुशी आहे. चौथी शिकलेली बाई मला वीज शिकवते! हसू आवरून घरी आलो.

९ जानेवारी
बर्फाच्या ओझ्याने ट्रान्सफॉर्मरकडे येणारी तार तुटली. मी दोन्ही टोकांना पिना असलेली केबल तयार करूनच ठेवली होती. एक टोक ओसरीतल्या जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आणि सगळं घर उजळलं. फ्यूज काही काढले नाहीत. गुडघाभर बर्फातून घरामागच्या बोर्डापर्यंत जायचं कुणी? दोनशेवीस व्होल्टची माझी चिमूटभर वीज खांबावर कुणाचं काय वाकडं करणार? पण आजी कुंपणावरून ओरडायच्या थांबेनात. शेवटी खणातले जुने जळके फ्यूज तांबड्या दोऱ्याने फाटकाला टांगले. म्हातारी खूश होऊन आत गेली.

१० जानेवारी
राद्को मेला. सकाळी फाटकाशी थांबला, फ्यूज बघितले, माझ्या खिडकीकडे बघून हात हलवला. मीही हलवला. मग वर चढून त्याने तार धरली. माझ्या खोलीतला दिवा एकदा मिणमिणला, बस.
लोक जमायच्या आत मी खरे फ्यूज उपटून फाटकाला टांगले आणि जळके बर्फात पुरले. पण तार तपासल्याशिवाय हात लावतो तो कसला वायरमन? म्हणे आमचा राद्को!

१२ जानेवारी
तिसरा दिवस. राद्कोचा फोटो छापलेली निधनाची पत्रकं खांबाखांबावर लागली. एक माझ्या फाटकावरही आहे. चौकशीचे साहेब येऊन गेले. फाटकांवर सगळे फ्यूज होते, तेव्हा चूक त्याचीच, म्हणाले. त्याच्या बायकोला आता भरपाई नाही. आजी रडत होत्या, मी मान हलवत उभा होतो.
उलटा ट्रान्सफॉर्मर. एकीकडे थोडे वेढे, दुसरीकडे ढीगभर. मीच फळ्यावर काढायचो हे चित्र. दोनशेवीसचे वीस हजार होतात. तीस वर्षं शिकवलं आणि गाढव ते गाढवच राहिलो.

१८ जानेवारी
नववा दिवस. तार अजून जोडलेली नाही. फ्यूज फाटकावर, जनरेटर बंद. तरी भर दुपारी दिवा लागला.
केबल काढून फेकली. दिवा चालूच.

२७ जानेवारी
त्याला मुलगी झाली. आजी म्हणाल्या, बापाच्या हलगर्जीपणाची गोष्ट ऐकत वाढेल बिचारी. मी बोललो असतो तर — पण एका वायरमनसाठी या गावंढळांसमोर नाक घासायचं? मी?
केबल परत सॉकेटमध्ये होती. मी लावलेली नाही.

६ फेब्रुवारी
केबलचे पाच तुकडे केले. सकाळी बघतो तर अखंड. एक टोक भिंतीत — दुसरं टोक मोकळं, पिना वर करून. वीज बाहेरून आत येतेय. बोर्डात फ्यूज नाहीत. मग येते कुठून —
खांबावर कुणी नाही. दहादा बघितलं.

१८ फेब्रुवारी
चाळिसावा दिवस. दुपारचे दोन. सगळं गाव त्याच्या थडग्यावर गेलंय. मला कुणी बोलावलं नाही. मी काही जाणारही नव्हतो. ही वही आता शेगडीत टाकतो, म्हणजे विषय संपला. कुणाला काही कळणार नाही. एवढी एक ओळ आणि —
केबल टेबलावर आहे. मी आणलेली नाही. मोकळं टोक वहीला लागून — पेन पोलादी आहे — बोटं आवळली — सुटत नाहीत — हे मी लिहीत नाही —
फाटकावरचे फ्यूज खोटे होते राद्कोची चूक नव्हती राद्कोची चूक नव्हती राद्कोची चूक नव्ह