गावाला घातलेले दोन नमस्कार

ती. ओकबुनताईस ब्योमगिलचा साष्टांग नमस्कार (एकच, का, ते पुढे कळेल).

बुसानची हवा तुझ्या गुडघ्याला मानवली का? भावजींचा खोकला थांबला का? मी धडधाकट आहे. पक्ष मात्र गेला.

नऊ वर्षं मी समतोल पक्षाचा तालुका सचिव म्हणून झिजलो. या निवडणुकीत गावापुढे प्रश्न एकच होता, आपलं भरती-ओहोटीचं खाजण. एक पक्ष म्हणे, भराव घालून कारखाने आणू; दुसरा म्हणे, मातीची एक पाटीही पडू देणार नाही. आम्ही सात बैठका घेऊन ठरवलं की अर्धं भरू. (कुठलं अर्धं, त्यासाठी समिती नेमली. समितीचे अर्धे लोक आलेच नाहीत.) आईला सांगितलं, तर साठ वर्षं त्या चिखलात रुतून तिसऱ्या-शिंपल्या काढणारी ती बाई म्हणाली, "अर्धी ओहोटी कधी पाहिलीस का रे मुडद्या?" मी म्हटलं, बैठकीत मांडतो. मांडलं नाही. प्रचाराच्या जाकिटांचा रंगही कुणाला खुपू नये म्हणून राखाडी घेतला, तर बाजारात लोक आम्हाला नळदुरुस्तीवाले समजून गळक्या तोट्या दाखवू लागले. तीन मी दुरुस्त करून दिल्या. पक्षाचं विधायक कार्य तेवढंच.

मग गावच्या सभागृहात सभा झाली. डावीकडे भराववाले, उजवीकडे खाजणवाले आणि मधोमध, सगळ्यांत वडील म्हणून, आई. आमचे उमेदवार ग्वाक साहेब माझ्या कानाशी लागले, "आधी कोणाला नमस्कार करू?" मीच दीडशहाणा! म्हटलं, साहेब, मधे तोंड करा. डावीकडच्यांचा एक, उजवीकडच्यांचा एक. साहेबांनी गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावलं, उठले, पुन्हा लावलं. अगं, जिवंत माणसाला नमस्कार एक आणि मेलेल्याला दोन, हे शेंबडं पोरही जाणतं! समतोल साधायच्या नादात आम्ही अख्ख्या गावाचं श्राद्ध उरकलं, तेही आईला पुढ्यात बसवून. "वा रे वा," आई म्हणाली, "नैवेद्य विसरलास वाटतं?" लोक खो खो हसले. ती हसली नाही. त्या दिवसापासून मला तिचं दार बंद आहे, आणि दर महिन्याचा किमचीचा डबाही.

आता वरून विचारणा आलीय, मतदार का गेले? मी अहवालात लिहिलं, प्रचार कमी पडला. खरं सांगू ताई? ज्यांचं पोट त्या चिखलावर, त्यांना आम्ही तोंड वर करून सांगत राहिलो की दोघांचंही बरोबर आहे. लाज वाटते गं.

तुझा धाकटा,
ब्योमगिल

ता. क. पुढच्या महिन्यात बाबांची तिथी आहे. आई तुझं ऐकते. तेवढ्या दिवसापुरतं तरी मला घरात घे म्हणावं. तिथे दोन नमस्कार मी न चुकता घालीन.

आणखी ता. क. आपल्या गावच्या केंद्रावर आमच्या पक्षाला शून्य मतं पडली. म्हणजे आईनेही दिलं नाही. तिला बोल लावू नकोस. मतदारयादीत माझं नाव अजून त्याच गावात आहे. हे आईला जरूर सांग. पक्षाला मात्र कळू देऊ नकोस.